एनिअक बनवणारी माणसं काय शिकली होती?



दहावीचा निकाल लागला की घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो, "आता कोणती साईड घ्यायची?" सायन्स घेतलं तर पेढे वाटतात. आर्ट्स घेतलं तर शेजारी हळूच विचारतात, "का हो, मार्क कमी पडले का?" एकदा शाखा ठरली की मुलाच्या कपाळावर शिक्का बसला, असंच आपण धरून चालतो.

म्हणून आज एका खऱ्या टीमची माहिती घेऊ या. ही टीम अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग विभागात काम करत होती. तिनं बनवलेल्या यंत्राचं नाव एनिअक. 'इलेक्ट्रॉनिक न्युमेरिकल इंटिग्रेटर अँड कॉम्प्युटर' या लांबलचक नावाचं हे छोटं रूप. संगणकाच्या धड्यात हे नाव तुम्ही वाचलंही असेल. पण ते यंत्र बनवणारी माणसं मुळात काय शिकली होती, हे धड्यात येत नाही. आपण आज नेमकं तेच बघणार आहोत.

अडचण काय होती?

फिलाडेल्फिया शहरात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ आहे. त्याच्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या शाखेला 'मूर स्कूल' म्हणत. दुसरं महायुद्ध चालू होतं. अमेरिकन सैन्याला तोफांसाठी कोष्टकं हवी होती. तोफ किती अंशात उचलली, वारा कसा आहे, हवा गरम आहे की थंड, त्यानुसार गोळा कुठे पडेल हे सांगणारी ही कोष्टकं. पाढ्यांचं पुस्तक असतं ना, तसंच समजा. फक्त इथले पाढे फार किचकट!

साठ सेकंद हवेत राहणाऱ्या एका गोळ्याचा मार्ग काढायला टेबलावरचं गणकयंत्र घेऊन बसलेल्या माणसाला सुमारे २० तास लागत. एका कोष्टकासाठी असे शेकडो मार्ग काढावे लागत. हे काम करायला मूर स्कूलमध्ये सुमारे ८० तरुण मुली नेमल्या होत्या. त्यांच्या पदाचं नाव काय होतं माहीत आहे? 'कॉम्प्युटर'! हो, त्या काळी कॉम्प्युटर हे यंत्राचं नव्हे, माणसाच्या नोकरीचं नाव होतं. आकडेमोड करणारी ती कॉम्प्युटर.

इतक्या मुली बसूनही काम उरकत नव्हतं. नव्या तोफा येत होत्या आणि कोष्टकं मागे पडत होती.

विद्यार्थी वयानं मोठा, शिक्षक लहान

आता या गोष्टीतली दोन मुख्य माणसं बघू.

पहिले जॉन मॉक्ली. जन्म १९०७. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ते इंजिनिअरिंग शिकायला गेले होते. दोन वर्षांत त्यांना कळलं की आपला ओढा भौतिकशास्त्राकडे आहे. मग शाखा बदलली आणि १९३२ मध्ये भौतिकशास्त्रातच पीएच.डी. मिळवली. पुढे फिलाडेल्फियाजवळच्या उर्सायनस कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवू लागले. त्यांच्या डोक्यात एकच विषय घोळत असे, हवामान. हवामानाचा अंदाज गणितानं काढता येईल असं त्यांना वाटे, पण त्यासाठी आकडेमोड इतकी लागायची की माणसाचं आयुष्य पुरणार नाही. वेगानं गणित करणारं यंत्र त्यांना हवं होतं ते या कारणासाठी.

दुसरे प्रेस्पर एकर्ट. जन्म १९१९. घरच्यांच्या इच्छेमुळे त्यांनी आधी व्यापार शिकवणाऱ्या व्हार्टन स्कूलमध्ये नाव घातलं होतं. मन रमलं नाही. मग ते मूर स्कूलमध्ये आले, १९४१ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी आणि १९४३ मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली.

दोघांची गाठ कशी पडली? १९४१ च्या उन्हाळ्यात मूर स्कूलनं युद्धाच्या तयारीसाठी इलेक्ट्रॉनिक्सचा एक छोटा अभ्यासक्रम काढला. ज्यांनी आधी दुसरा विषय शिकला आहे त्यांना इलेक्ट्रॉनिक्सची ओळख व्हावी, हा हेतू. मॉक्ली त्या वर्गात विद्यार्थी म्हणून जाऊन बसले. पीएच.डी. झालेले, कॉलेजात शिकवणारे, वय ३३. आणि प्रयोगशाळेत त्यांना शिकवायला कोण? २२ वर्षांचा, नुकताच पदवीधर झालेला एकर्ट!

मित्रांनो, इथे क्षणभर थांबा. आपल्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान मुलाकडून शिकायला मॉक्लींना कमीपणा वाटला नाही. आणि आपल्यापेक्षा कितीतरी जास्त शिकलेल्या माणसाला काय सांगायचं, म्हणून एकर्ट गप्प बसला नाही. दोघं तासन्‌तास बोलत बसायचे. कसलं यंत्र हवं याची कल्पना मॉक्लींकडे होती. ते तारा आणि नळ्या वापरून प्रत्यक्षात कसं चालेल, याची समज एकर्टकडे होती.

१९४२ मध्ये मॉक्लींनी आपली कल्पना एका टिपणात लिहून दिली. सुरुवातीला कोणी फारसं लक्ष दिलं नाही. पुढे सैन्याचे अधिकारी हर्मन गोल्डस्टाइन यांच्या कानावर ती गेली. आता हे गोल्डस्टाइन कोण? अंगावर लष्करी गणवेश, पण शिक्षणानं शिकागो विद्यापीठाचे गणितातले पीएच.डी. स्वतः गणिती असल्यानं त्यांना कल्पनेचं मोल लगेच कळलं. जून १९४३ मध्ये सैन्य आणि विद्यापीठ यांच्यात करार झाला आणि काम सुरू झालं. मूर स्कूलचे प्राध्यापक जॉन ब्रेनर्ड प्रकल्पाचे प्रमुख झाले. ते मुळातले इलेक्ट्रिकल इंजिनिअर. आणि मुख्य इंजिनिअर झाला २४ वर्षांचा एकर्ट.

टीममधली बाकीची मंडळी

आता बघा हं, इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचा प्रकल्प म्हटल्यावर सगळे इलेक्ट्रिकल इंजिनिअरच असतील असं वाटतं. पण तसं नव्हतं.

आर्थर बर्क्स यांचंच घ्या. कॉलेजात गणित आणि भौतिकशास्त्र, आणि पीएच.डी. कशात? तत्त्वज्ञानात! मिशिगन विद्यापीठ, १९४१. त्यांचा आवडता भाग म्हणजे तर्कशास्त्र. तेही मॉक्लींसारखेच त्या उन्हाळी वर्गात आले आणि मूर स्कूलमध्ये राहिले. एनिअकमधला वेगानं गुणाकार करणारा भाग तयार करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. युद्धानंतर ते पुन्हा तत्त्वज्ञान शिकवायला गेले. 'असेल तर हे कर, नसेल तर ते कर' हा तर्काचा पाया आहे आणि यंत्रही त्याच पायावर चालतं. त्यामुळे तत्त्वज्ञानाचा माणूस इथे पाहुणा नव्हता, घरचाच होता.

चुआन चू यांचा जन्म चीनमधला. अमेरिकेत येऊन मिनेसोटा विद्यापीठातून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकले आणि पुढचं शिक्षण मूर स्कूलमध्ये. भागाकार आणि वर्गमूळ काढणारा भाग त्यांच्याकडे होता.

हॅरी हस्की गणितातले पीएच.डी. विद्यापीठात गणित शिकवत आणि उरलेल्या वेळात एनिअकवर काम करत. यंत्र कसं चालतं याचं लिखाण करण्यात त्यांची मदत झाली.

अडेल गोल्डस्टाइन, म्हणजे हर्मन यांच्या पत्नी, यांनी मिशिगन विद्यापीठातून गणितात एम.ए. केलं होतं. एनिअकची तांत्रिक माहितीपुस्तिका १९४६ मध्ये त्यांनी लिहिली. विचार करा, ज्यासारखं यंत्र आधी कोणी पाहिलेलं नाही, त्याचं पुस्तक लिहायचं!

आणि सल्लागार म्हणून आले जॉन फॉन नॉयमन. बुडापेस्टला गणितात पीएच.डी. आणि त्याच सुमारास झुरिकला केमिकल इंजिनिअरिंगची पदविका. त्यांची आणि गोल्डस्टाइन यांची ओळख कुठे झाली? १९४४ मध्ये, एका रेल्वे फलाटावर गाडीची वाट बघताना.

यंत्र केवढं होतं?

एनिअकमध्ये सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. व्हॅक्यूम ट्यूब म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. जुन्या रेडिओत दिव्यासारखी पेटायची ती. यंत्राचं वजन सुमारे २७ टन. वीज लागायची १५० किलोवॅट. जोडलेले सांधे सुमारे ५० लाख, आणि तेही हातानं डाग देऊन!

अनेक जाणकारांना वाटत होतं की हे चालणारच नाही. कारण साधं आहे. एक नळी जळाली तरी उत्तर चुकणार, आणि इतक्या नळ्यांत रोज किती जळतील? इथे एकर्टचं शिक्षण कामाला आलं. त्यानं प्रत्येक नळी तिच्या क्षमतेपेक्षा बऱ्याच कमी ताकदीनं चालवली. बैलाला रोज पेलेल तेवढंच ओझं दिलं की तो वर्षानुवर्षं टिकतो, तसंच. उंदीर तारा कुरतडतील म्हणून त्यानं काय केलं असेल? उंदीर आणून त्यांच्यापुढे निरनिराळ्या तारा ठेवल्या आणि ज्या तारेवरचं आवरण त्यांना सगळ्यांत कमी आवडलं तीच निवडली. हा प्रयोग तर चौथीच्या मुलालाही समजेल.

एनिअक एका सेकंदात ५,००० बेरजा करायचं. माणसाला २० तास लागणारा गोळ्याचा मार्ग ते ३० सेकंदांत काढायचं. म्हणजे तोफेचा गोळा जमिनीवर पडायच्या आत, तो कुठे पडणार याचं उत्तर हातात!

सहा जणी

यंत्र तर झालं. पण त्याला गणित सांगणार कोण? आजच्यासारखा कीबोर्ड नव्हता. हजारो बटणं फिरवून आणि जाडजूड तारा इकडून तिकडे जोडून गणित बसवावं लागे. १९४५ मध्ये या कामासाठी त्या 'कॉम्प्युटर' मुलींमधून सहा जणी निवडल्या. त्यांचं शिक्षण बघा.

- कॅथलीन मॅकनल्टी आणि फ्रान्सिस बिलास: चेस्टनट हिल कॉलेज, गणिताची पदवी, १९४२.
- बेट्टी जीन जेनिंग्ज: मिसुरी राज्यातलं शिक्षक प्रशिक्षण कॉलेज, गणित विषय, १९४५.
- रूथ लिख्टरमन: हंटर कॉलेज, गणित.
- मार्लिन वेस्कॉफ: टेम्पल विद्यापीठ, सामाजिक शास्त्रं आणि इंग्रजी, १९४२.
- बेट्टी स्नायडर: पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ, पत्रकारिता.

सहांपैकी एकही इंजिनिअर नाही. दोघींचा तर मुख्य विषय गणितही नाही!

कॅथलीनचा जन्म आयर्लंडमधल्या डोनेगलचा. ती लहान असताना कुटुंब अमेरिकेत आलं, तेव्हा तिला फक्त आयरिश भाषा येत होती. इंग्रजीचा एक शब्द नाही. घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी, ही अडचण आपल्या कितीतरी मुलांची आहे. ती कॅथलीनचीही होती.

बेट्टी जीन शेतकऱ्याची मुलगी. तिचं कॉलेज शिक्षक तयार करणारं होतं, म्हणजे आपल्या डी.एड., बी.एड.सारखंच म्हणा ना. ती गावाकडे शिक्षिका होईल असंच सगळे धरून होते. पण फिलाडेल्फियाच्या नोकरीचं पत्र आलं आणि ती रेल्वेत बसली. आम्हा डी.एड.वाल्यांना हे वाचून थोडा अभिमान वाटला, तर रागावू नका बरं का!

मार्लिनला काम मिळालं कारण तिला बेरजेचं यंत्र चालवता येत होतं. पुढे तिनं आणि रूथनं एक अख्खं गणित पायरी-पायरीनं हातानं सोडवलं. एनिअकचं उत्तर बरोबर आहे का, हे त्याच्याशी ताडून बघता यावं म्हणून.

आणि बेट्टी स्नायडर? तिला गणितच शिकायचं होतं. पण गणिताच्या वर्गात पहिल्याच दिवशी प्राध्यापकांनी विचारलं की घरी बसून मुलं सांभाळणं जास्त बरं नाही का. ती पत्रकारितेकडे वळली. म्हणजे तिची शाखा तिनं निवडली असं कागदावर दिसतं, पण खरं तर एका वाक्यानं तिला तिकडे ढकललं. शिक्षक मित्रहो, हे आपण फार लक्षात ठेवायला हवं. वर्गात सहज बोललेलं वाक्य मुलाची वाट बदलतं.

सुरुवातीला या सहा जणींना यंत्राच्या खोलीत जायची परवानगीही नव्हती, कारण प्रकल्प गुप्त होता. हातात फक्त आकृत्या दिल्या. त्या बघून, इंजिनिअरांना विचारून, एकमेकींना समजावून त्या यंत्र शिकल्या. शिकवायला पुस्तक नव्हतं, शिक्षकही नव्हता. पुढे तर यंत्र अडलं की नेमकी कोणती नळी बिघडली हे त्या सांगू शकत.

१५ फेब्रुवारी १९४६ ला मोठा समारंभ होता. पाहुण्यांसमोर एनिअक गोळ्याचा मार्ग काढून दाखवणार होतं. आदल्या रात्री गणितात एक चूक निघाली. गोळा जमिनीवर पडला तरी यंत्र थांबेना, हिशोबात तो जमिनीच्या आत घुसून पुढेच चाललेला! बेट्टी जीननं पुढे आठवण सांगितली आहे की, बेट्टी स्नायडर रात्री घरी गेली, झोपली आणि सकाळी येऊन तिनं हजारो बटणांमधलं नेमकं एक बटण फिरवलं. चूक दुरुस्त. प्रात्यक्षिक उत्तम झालं. त्या रात्री पाहुण्यांना मेजवानी होती. या सहा जणींना मात्र तिचं आमंत्रण नव्हतं.

पदवी सारखी, पाटी वेगळी

नोकरीच्या कागदावर या मुलींचा दर्जा 'सब-प्रोफेशनल' असा होता. म्हणजे तज्ज्ञांच्या खालचा. गणिताची पदवी असूनही! वर्तमानपत्रांत यंत्राचे फोटो आले, पण शेजारी उभ्या असलेल्या बायका कोण, हे कित्येक वर्षं कोणी विचारलं नाही. पुढे १९८० च्या दशकात कॅथी क्लाइमन या विद्यार्थिनीनं तो प्रश्न विचारला. तिला सांगण्यात आलं की यंत्र चांगलं दिसावं म्हणून उभ्या केलेल्या मॉडेल असतील! तिनं पाठपुरावा केला आणि त्यांची नावं जगापुढे आली. १९९७ मध्ये या सहाही जणींचा 'विमेन इन टेक्नॉलॉजी इंटरनॅशनल' संस्थेनं गौरव केला. म्हणजे कामानंतर पन्नासहून जास्त वर्षांनी.

श्रेयाचा वाद पुरुषांमध्येही झाला. आयोवा राज्यात जॉन अटानासॉफ या प्राध्यापकांनी विद्यार्थी क्लिफर्ड बेरी याच्या मदतीनं आधीच एक इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र बनवलं होतं. अटानासॉफ इलेक्ट्रिकल इंजिनिअर, मग गणितात पदव्युत्तर पदवी, मग भौतिकशास्त्रात पीएच.डी. १९४१ मध्ये मॉक्ली ते यंत्र बघायला गेले होते. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयानं एनिअकचं पेटंट रद्द केलं आणि काही कल्पना अटानासॉफ यांच्याकडून आल्याचं म्हटलं. आजही जाणकार यावर भांडतात.

आणखी एक गोष्ट लपवायला नको. एनिअक युद्धासाठी बनलं आणि त्यावर सोडवलेलं पहिलं मोठं गणित हायड्रोजन बॉम्बच्या संशोधनाचं होतं. हुशारी कशासाठी वापरायची, हा प्रश्न कोणत्याही शाखेच्या पदवीत सुटत नाही. तो ज्याचा त्यालाच सोडवावा लागतो.

आपल्या देशाशी धागा

वर हॅरी हस्की हे नाव आलं होतं, आठवतंय? हे हस्की १९६३-६४ मध्ये पाहुणे प्राध्यापक म्हणून कानपूरच्या आय.आय.टी.त आले. तिथलं संगणक केंद्र उभं करायला त्यांनी मदत केली. फिलाडेल्फियात सुरू झालेला अभ्यास असा एका गणिताच्या शिक्षकाबरोबर आपल्या देशापर्यंत पोचला.

मग यातून काय घ्यायचं?

काही जण म्हणतील, "बघा, शाखेला काही अर्थच नाही." तसं नाही हं. एकर्टला इलेक्ट्रॉनिक्स मुळापासून येत नसतं, तर एनिअक एक तासही चाललं नसतं. आपला विषय खोलवर येणं गरजेचंच आहे. पण नुसते एकर्ट असून भागलं नसतं. हवामानानं झपाटलेला मॉक्ली लागला, कल्पनेचं मोल ओळखणारा गणिती लागला, तर्क जाणणारा तत्त्वज्ञ लागला आणि शेवटी आकृत्या वाचून यंत्राला कामाला लावणाऱ्या सहा जणी लागल्या.

दुसरं, संधी. पुरुष युद्धावर गेले म्हणून या मुलींना दार उघडलं. क्षमता त्यांच्यात आधीपासून होती. तुमच्या घरातल्या मुलीला संधी मिळायला युद्ध व्हायची वाट बघू नका. तिचं नाव अकरावीला घालताना ते घर जवळ आहे म्हणून घालताय, की तिला तो विषय आवडतो म्हणून, एवढं एकदा तिला विचारा.

तिसरं, मुलांनो, तुमच्यासाठी. शाखा म्हणजे घराचं दार. आत कुठून आलात याची नोंद राहते खरी, पण आत आल्यावर शेजारच्या खोलीत डोकावायला कोणी बंदी केलेली नाही. मॉक्ली तेहतिसाव्या वर्षी पुन्हा बाकावर बसले, हे विसरू नका.

स्वाध्याय

१. कॉम्प्युटर हा शब्द पूर्वी कोणासाठी वापरत?
२. मॉक्ली आणि एकर्ट यांची भेट कोठे व कशी झाली?
३. एकर्टनं उंदरांवर केलेला प्रयोग तुमच्या शब्दांत लिहा.
४. एनिअकच्या टीममधील कोणत्याही चार जणांचं शिक्षण आणि काम यांचा तक्ता तयार करा.
५. उपक्रम: तुमच्या गावातल्या पाच मोठ्या माणसांना विचारा, "तुम्ही काय शिकलात आणि आज काय काम करता?" दोन्हींत काय नातं दिसतं ते वर्गात सांगा.

उपक्रम नक्की करा. उत्तरं ऐकून तुम्हीही चकित व्हाल.